सानगडीच्या टाकांचे दोन फोटो

मंगला, स्टुडिओ मी परत उघडला. हे आधी सांगते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस, आणि त्याच दमात दुसरं, टेबल पुसलं का? पुसलं. उत्तरेच्या खिडकीची जाळी धुतली. ट्रेसिंग पेपर पिवळा पडला होता, तो काढून नवा ताणून लावला. पहिलं काम चांदीच्या जोडव्यांचं आलं आहे, आपल्या साकोलीच्याच सराफाचं. जोडवं मेणाच्या कणावर उभं करायचं काम इतकी वर्षं तुझं होतं, त्यामुळे माझ्या हातून ते सारखं कलंडत राहिलं. शेवटी उभं राहिलं. किंचित तिरकं आहे, पण फोटोत कोणाला कळणार नाही. तुला कळलं असतं.

तू गेल्यावर माणसं मलाही भेटायला येत होती, आणि बऱ्याच जणांना कळत नव्हतं की माझं सांत्वन कोणत्या नात्यानं करावं. मी तुझी बहीण नव्हे, जाऊ नव्हे, गावचीही नव्हे. तू तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, मी धानाच्या बांध्यांमधली. एका बाईनं सरळच विचारलं, "तुमची ती कोण लागे?" मी म्हटलं, "आम्ही दोघी मिळून फोटो काढत होतो." ती "हो काय" म्हणाली. याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तुझ्याकडे मी पहिल्यांदा आले ती नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला. तू वर पाहिलंही नाहीस. टेबलावर भंडाऱ्याच्या एका भांडेवाल्यानं पाठवलेली पितळी घंटी होती, मुठीत मावेल एवढी, आणि तिच्या पोटात तुझी अख्खी खोली उतरली होती. खिडकी, कॅमेरा, भिंतीवरचं कॅलेंडर, चहाचा कप, तू स्वतः. तू एकेक वस्तू हटवायचीस आणि घंटीत दुसरंच काहीतरी दिसायला लागायचं. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि तू ओरडलीस, "हालू नोको वो! तिथंच उभी राय!"

मी घाबरून जिथल्या तिथे उभी.

"तुह्या ओढणीचा उजेड पडून राहिला घंटीवर. पांढरी हाये न. जरा डावीकडे सरक. आणखी. बस."

फोटो काढून घ्यायला आलेली मी, दुपारपर्यंत ओढणी पसरून उभी होते. माझा फोटो त्या दिवशी निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी आले तर तू मला खालपासून वरपर्यंत पाहिलंस आणि नाराज होऊन म्हणालीस, "आज निळी काहून घातली?"

तू मला शिकवलंस असं कोणासमोर म्हटलं की चिडायचीस. "मी काय मास्तरीण आहो?" पण शिकवलंस तूच. चकचकीत धातूचा फोटो म्हणजे खरं तर त्या धातूच्या समोर जे असेल त्याचा फोटो, हे मला तुझ्यामुळे कळलं. "चांदी काही पांढरी नसते," तू म्हणायचीस. "तिच्यासमोर पांढरं ठेवलं त पांढरी, काळं ठेवलं त काळी. गरीब हाये बिचारी." म्हणून आपण पांढऱ्या कागदाचा तंबू करायचो, लेन्सपुरतं भोक ठेवून, आणि दिवे तंबूच्या बाहेरून लावायचो. त्यात सगळंच इतकं पांढरं व्हायचं की वस्तूचा आकार विरघळून जायचा. तेव्हा तू काळ्या कागदाची बोटभर पट्टी हळूच आत सरकवायचीस. वाटीच्या कडेवर एक काळी रेघ उमटायची आणि वाटी परत वाटी व्हायची. पट्टी कुठे थांबवायची ते तू ओठ मुडपून, श्वास धरून ठरवायचीस, आणि तेवढा वेळ मीही श्वास धरायची. घुंगरं, किल्ल्या, कानातल्या रिंगा, नळाचे पितळी भाग, अडकित्ते. मी वस्तू नेहमी मधोमध ठेवायची, तू सरकवायचीस. "अडकित्त्याचं तोंड जिकडे, तिकडे जागा सोड. त्याले उघडायले जागा नोको काय?"

हे सगळं तुला सुचतं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "सुचत नाही वो. चुकते. चुकता चुकता एखाद्या वेळी बरोबर चुकते."

आपलं खरं भांडण सानगडीच्या टाकांवरून झालं, आणि ते काम माझ्याच ओळखीनं आलं होतं. शोभा माझी शाळेतली मैत्रीण, सानगडीत दिलेली. तिचा नवरा रमेश धाकटा, नामदेवदादा थोरले. दोघा भावांची वाटणी झाली, अंगणात भिंत आली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. देवघरातले चांदीचे टाक, म्हणजे कुळाच्या देवांचे ठोकलेले छोटे पत्रे, रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे राहिले. शोभाचा फोन आला. "देव काही अर्धे करता येत नाही, लता. पण फोटो त काढता येते न? आमच्या देवघरात फोटो ठेवू." नामदेवदादा कबूल झाले, पण एका अटीवर. देव घराबाहेर जाणार नाहीत. मग आपणच दिवे, कागद, कॅमेरा, थर्माकोल सगळं पोत्यात भरून सानगडीला गेलो.

त्यांच्या छपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, आपण टेबल मांडलं. तू चपला अंगणात काढल्यास, पाय धुतलेस, देवांना हात जोडलेस आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "माय वो, किती घासले हे! आरसे झाले." फोटो निघणार म्हणून वहिनींनी टाक चिंच लावून घासले होते. पुढे काय करायचं ते ठरेना. टाकांना आपण हात लावावा की नाही, या विचारानं नामदेवदादा अवघडून उभे होते. मला राग यायला लागला होता. तू मात्र सहज म्हणालीस, "दादा, देव तुमीच ठेवा. माह्या हातात फक्त दिवा राहीन." झालं. दादा टेबलाशी आले. "जराकसा उजवीकडे. आणखी थोडा. आता बोट काढा." थोड्या वेळानं दादा स्वतःच वाकून विचारत होते, "आता बरोबर हाये काय, बाई?" मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला. मी भांडले असते, आणि आपण पोतं उचलून परत आलो असतो.

तंबूतले फोटो सुरेख निघाले. पांढरेशुभ्र, थंडगार, चांदी नुकतीच दुधातून काढल्यासारखी. दादांचं समाधान झालं. पण एका टाकावर तुझं मन अडलं. तो त्यांच्या मूळपुरुषाचा टाक, सगळ्यात जुना, पूजेत घासून घासून सपाट झालेला. एक माणूस उभा आहे एवढंच कळायचं. "हा एक वेगळा घेऊ," तू म्हणालीस. तंबू काढलास, छपरीचं दार लोटून घेतलंस, एकच दिवा ठेवलास आणि तो टेबलाच्या अगदी पातळीवर आणलास, असा की उजेड टाकावरून आडवा सरपटत गेला पाहिजे. दिवा तू हातातच धरला होतास. इंचाइंचानं फिरवत होतीस. मी कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपवर पाहत होते, आणि मला दिसलं की त्या माणसाच्या बाजूला आणखी कोणीतरी आहे.

"थांब," मी म्हटलं. "हात हलवू नको."

त्याच्या खांद्याएवढी एक बाई होती. डोक्यावर पदर, एक हात वर उचललेला.

सगळं घर जमा झालं. शोभानं भिंतीपलीकडून रमेशला हाक मारली, तोही आला. दोघे भाऊ एकाच पडद्यावर वाकले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, आणि एकमेकांशी बोलायचं नव्हतं म्हणून आपल्याशी बोलत राहिले. रमेश मला म्हणाला, "मोठं करा." दादा तुला म्हणाले, "मोठं करा म्हणा." तू खाली मान घालून हसू दाबत होतीस. तेवढ्यात त्यांची आई पुढे आली. कमरेत वाकलेली, डोळ्यांना कमी दिसणारी. ती पडद्याला नाक लावून खूप वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "सासू सांगे मले. जोडी हाये वो ती, तो एकटा नाही. मी मनातल्या मनात हसो तिले. म्हणो, म्हातारीले काहीही दिसते." आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

पण त्या आडव्या उजेडात चांदी काळी दिसत होती. एकेक ओरखडा नांगर फिरवल्यासारखा. दादा शेवटी म्हणालेच, "दिसते त चांगलं. पण देव काळा पडला न आमचा."

परतीच्या वाटेवर ऑटोत आपलं सुरू झालं. शोभाच्या देवघरात मूळपुरुषाचा कोणता फोटो द्यायचा? मी म्हणत होते काळा. तू म्हणत होतीस पांढरा.

"ती शोभा रोज सकाळी आंघोळ करून त्याच्यासमोर उभी राहीन," तू म्हणालीस. "लग्न होऊन आली तवापासून तिनं पाहिले ते देव चकचकीत. तिले तिचे देव पायजे. हा खरबुडा कोण, असं नोको वाटाले."

"खरबुडा असला तरी त्यांचाच आहे. आणि बाजूला त्याची बायको आहे. इतक्या पिढ्या ती दिसत नव्हती. आज दिसली, आणि तू तिला परत तंबूत घालून पुसून टाकतेस?"

"काळ्या फोटोले कोणी हात जोडत नाही, लता."

"विठोबा काळाच आहे."

"तो दगडाचा हाये. चांदीचा देव काळा पडला त लोक चिंच घेऊन धावते."

ऑटोवाला हसला. मी हसले नाही. स्टुडिओ तुझा, शब्द तुझा. पांढरे फोटो चौकटीत घालून सानगडीला गेले, आणि काळा माझ्या संगणकात राहिला. भांडण मात्र मिटलं नाही. दुसऱ्या कोणत्याही कामात ते डोकं वर काढायचं. धान मोजायच्या एखाद्या जुन्या पायलीवरचे पोचे दाखवायचे की लपवायचे, अशी गोष्ट निघाली की तू म्हणायचीस, "आली सानगडी." चहा उतू जायचा पण आपण मागे हटायचो नाही. मला वाटतं, आपल्याला दोघींनाही त्यात मजा येत होती.

मग तुझ्या किडन्यांनी काम सोडायला सुरुवात केली. प्रभाकरभाऊजी तळ्यावरचं काम मच्छीमार सोसायटीतल्या दुसऱ्यांवर टाकून तुला डायलिसिससाठी भंडाऱ्याला न्यायचे, आणायचे. ज्या दिवशी जायचं नसेल त्या दिवशी तू स्टुडिओत यायचीस आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पांढरा पुठ्ठा धरायचीस. दिवा उचलणं जमत नव्हतं, पुठ्ठा जमत होता. एका दुपारी एका नथीवर उजेड परतवत तू अशी बसली होतीस, खिडकीचा उजेड एकाच बाजूनं तुझ्या तोंडावर होता, आणि मी नथ सोडून कॅमेरा तुझ्याकडे वळवला. तुला कळलंही नाही. डोळ्यांखालची सूज, ओठाजवळची रेघ, पुठ्ठ्याच्या कडेवर लावलेली नजर. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो आहे. तुला दाखवला तेव्हा म्हणालीस, "किती म्हातारी दिसून राहिली मी! पण फोटो चांगला हाये." पुसून टाक म्हणाली नाहीस.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तू काहीतरी बोलायला लागली होतीस. "ते सानगडीचं नं, लता..." तेवढ्यात तुला खोकला आला, भाऊजींनी पाणी दिलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर तू म्हणालीस, "जाऊ दे. मंग बोलू." त्या वाक्याचं पुढे काय होतं ते मला कळणार नाही. आधी त्याचा फार त्रास झाला. आता कमी होतो. कदाचित तू मला चिडवणारच होतीस.

मलाही तुला एक सांगायचं राहून गेलं. तुझ्याकडे पहिल्यांदा आले तो अर्ज नोकरीचा होता, हे तुला ठाऊक होतं, पण त्याचं पुढे काय झालं हे तू कधी विचारलं नाहीस. बोलावणं आलं होतं, मंगला. मी गेले नाही. त्या आठवड्यात आपल्याकडे पायाच्या बोटांतल्या बारीक बिरोद्यांचं काम होतं आणि तू म्हणाली होतीस, उद्या पांढरी ओढणी घालून ये. मी घालून आले. त्याचा मला एकदाही पस्तावा झाला नाही, हे तुला तोंडानं सांगायला हवं होतं.

तू गेलीस ती सकाळी. भाऊजींचा फोन आला, ते एवढंच म्हणाले, "लता, ये." तेरवीच्या आधी ते स्टुडिओत आले. हार घालायला फोटो हवा होता. मी त्यांना तो खिडकीचा फोटो दाखवला, मोठ्या अभिमानानं. त्यांनी खूप वेळ पाहिला.

"चांगला काढला तू," ते म्हणाले. "पण ही माह्याशी बोलत नाही वो. ही काम करून राहिली. हा घरात लावला त मले सारखं वाटन, इच्या कामात आपली लुडबूड होऊन राहिली."

मग त्यांनी खिशातून एक जुना फोटो काढला. लग्नानंतर कुठल्याशा जत्रेत काढलेला. समोरून फ्लॅश मारलेला, मागे रंगवलेला धबधबा, तुझं तोंड पिठाच्या गोळ्यासारखं सपाट, एक सावली नाही. "हा लाव. यात ती माह्याकडे पाहून राहिली."

मी तोच मोठा केला. त्यात काही दुरुस्त केलं नाही, सावलीही आणायला गेले नाही. तेरवीच्या दिवशी मांडवात जो येई तो त्यासमोर थांबून म्हणे, "तशीच हाये वो मंगला." मी मागे उभी राहून ऐकत होते. तुझं म्हणणं काय होतं, ते मला त्या मांडवात बऱ्यापैकी कळलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. तेरवीला सानगडीहून शोभा आली होती, सोबत सासूला घेऊन. नामदेवदादा वेगळे आले, वेगळे बसले. मात्र जाताना आईला मोटारसायकलवर कोण नेणार, यावरून दोघे भाऊ एकमेकांशी दोन शब्द बोलले, हेही तुला सांगून ठेवते. म्हातारीनं माझा हात धरला आणि विचारलं, "तो दुसरा हाये काय वो तुह्यापाशी? जोडीचा?"

मी हो म्हटलं.

"मले दे न एक. मोठा दे, दिसत नाही मले."

मागच्या आठवड्यात मी तो छापून सानगडीला घेऊन गेले. शोभाच्या देवघरात तुझा पांढरा फोटो आहे, रोज हळदकुंकू लागून त्याच्या काचेचा कोपरा पिवळा झाला आहे. म्हातारी उन्हात बसली होती. मी काळा फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं बोटानं चाचपत पुरुष ओलांडला, बाईवर बोट थांबवलं. पदर, मग तो वर उचललेला हात. मग तिनं फोटो समोर भिंतीला टेकवून उभा करायला सांगितला, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मंगला, काळ्याला जोडले. चिंच मागितली नाही.

येताना ऑटोत मी मनातल्या मनात तुला म्हटलं, बघ. आणि साकोली यायच्या आत तुझं उत्तरही ऐकू आलं, तुझ्याच आवाजात, ओठ मुडपून दिलेलं. "फोटोले नाही जोडले तिनं. सासूले जोडले."

याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की सांगते.